काफ्काच्या दारात पायथन

फ्रान्झ काफ्काने मरण्यापूर्वी माक्स ब्रॉड या मित्राला लिहून ठेवलं होतं, की माझ्यामागे माझे सगळे कागद न वाचता जाळून टाक. 1924 साली काफ्का गेला, ब्रॉडने मित्राचं ऐकलं नाही, म्हणून जगाला ‘द ट्रायल’ आणि ‘द कॅसल’ वाचायला मिळाल्या. पुढे 2011 मध्ये लिंक्डइन कंपनीने घरच्या वापरासाठी केलेलं एक सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं केलं. ते करणाऱ्या तिघांपैकी जे क्रेप्स यांनी त्याचं नाव काफ्का ठेवलं. लिहिण्याच्या कामात तरबेज असलेल्या यंत्रणेला लेखकाचं नाव शोभेल, असा त्यांचा हिशेब. या सॉफ्टवेअरला तुम्ही वेगळं काही बजावलं नाहीत, तर आत आलेला मजकूर ते 7 दिवसांनी आपणहून पुसून टाकतं. बिचाऱ्या लेखकाची अखेरची इच्छा अशी 87 वर्षांनी पुरी झाली.

या काफ्कात घटना घडतील तशा एकाखाली एक लिहिल्या जातात. ऑर्डर आली, पैसे कापले गेले, कॅबवाल्याने ‘कॅश है या ऑनलाइन’ विचारून फोन ठेवला. प्रत्येकाची एक ओळ. ज्याला वाचायचं त्याने आपल्या सवडीने यावं, आणि आपण कुठवर वाचलं ते लक्षात ठेवावं. इथपर्यंत सोपं आहे. कठीण आहे ते या वाहत्या नोंदींवर वाहता वाहता हिशेब करणं. त्याला स्ट्रीम प्रोसेसिंग म्हणतात. प्रवाह तुमच्यासाठी थांबत नाही, आणि तुम्ही मात्र मागच्या चोवीस तासांची सरासरी आत्ताच्या आत्ता सांगायची.

दिल्लीकराला हे समजावून द्यावं लागत नाही, कारण तो सकाळी दात घासायच्या आधी एक्यूआय बघतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या या निर्देशांकात पीएम 2.5 साठी मागच्या 24 तासांची सरासरी धरतात, ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी 8 तासांची. 24 पैकी निदान 16 तासांचे आकडे हातात हवेत, निदान तीन प्रदूषकं मोजलेली हवीत, आणि त्यांत पीएम 2.5 किंवा पीएम 10 यांपैकी एक तरी हवंच. एवढं सगळं जमलं की दुपारी 4 वाजताच्या पत्रकात आकडा येतो. 450 च्या वर गेला की ग्रॅप या प्रदूषण-आराखड्याचा चौथा टप्पा लागतो, ट्रक सीमेवर अडतात आणि घरून काम करण्याच्या ईमेल फिरू लागतात. 500 ला मोजपट्टी संपते. त्यापुढची हवा ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर घ्यायची.

आमची छोटी कंपनी नोएडाच्या सेक्टर 62 मध्ये आहे. आम्ही निवासी सोसायट्यांत हवा मोजणारे सेन्सर बसवतो आणि लॉबीतल्या पडद्यावर आकडा दाखवतो. तो आकडा बघून रहिवाशांनी नेमकं काय करायचं, हे आम्ही सांगत नाही आणि तेही विचारत नाहीत. सेन्सरचे आकडे काफ्कात जातात. तिथून उचलून त्यांच्यावर 24 तासांची सरकती खिडकी ठेवायची आणि सरासरी काढायची, एवढंच आमचं काम.

याची सोय काफ्कानेच करून ठेवलेली आहे. मे 2016 मध्ये 0.10 या आवृत्तीबरोबर काफ्का स्ट्रीम्स नावाची लायब्ररी आली. वेगळे सर्व्हर उभारायला नकोत. आपल्या प्रोग्रॅमला लायब्ररी जोडली की खिडकी तयार, सरासरी तयार, मध्येच मशीन बंद पडलं तर कुठवर मोजलं होतं ते ध्यानात ठेवण्याची व्यवस्थासुद्धा तयार. अट फक्त एक. प्रोग्रॅम जावात हवा. जावाची भाऊबंद म्हणून स्कालालाही पंगतीत घेतात.

आमचं सगळं पायथनमध्ये.

आता पायथन म्हणजे काही सातपुड्यातल्या चार पाड्यांवर उरलेली बोली नव्हे. लोकप्रियता मोजणाऱ्या टियोबे यादीत ऑक्टोबर 2021 मध्ये ती पहिली आली. सहावीतल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शिकवतात, आणि नोएडात तर मुलाला अजून पायथन लावलं नाही म्हटल्यावर शेजारीण दोन पावलं मागे सरकते. पण काफ्का स्ट्रीम्सच्या दारात पायथनवाल्याला कोणी ओळखत नाही. काफ्काच्या गोष्टीतला माणूस कायद्याच्या दाराशी बसून म्हातारा होतो. त्याला निदान बसायला स्टूल तरी दिलेलं असतं.

मराठी माणसाला यात आणखी एक जास्तीचं दुखणं आहे. काफ्का घडवणाऱ्या तिघांतल्या एक, नेहा नारखेडे, या पुण्याच्या. पीआयसीटीतून इंजिनियर झाल्या, मग जॉर्जिया टेकला गेल्या, आणि 2014 मध्ये क्रेप्स व जुन राव यांच्याबरोबर त्यांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. ही माहिती मी नाशिकला फोनवर सांगितली, ती अभिमानाने. बाबांनी ती कामाची म्हणून ऐकली. “पीआयसीटी? अरे, मग आपला कोथरूडचा श्री तिथलाच की. त्याच्या ओळखीने काही होतं का बघू.” बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आहेत. जगात अडलेलं प्रत्येक काम कुठल्या तरी टेबलावर अडलेलं असतं आणि त्या टेबलामागच्या माणसाला एक मेव्हणा असतो, या सिद्धांतावर त्यांची छत्तीस वर्षं सेवा झाली. मी म्हटलं, बाबा, हे ओपन सोर्स आहे, इथे वशिला चालत नाही, कोणीही लिहू शकतो. “मग तू का नाही लिहीत?” ते म्हणाले. ओपन सोर्सबद्दल इतका नेमका प्रश्न विचारणारा माणूस जिल्हा परिषदेत वाया गेला.

तर आम्ही वाट बघायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मॅनेजर म्हणाले, “आ जाएगा यार, पायथन है, कब तक नहीं आएगा?” आणि मीटिंग संपली. कामाच्या तक्त्यावर त्या कामाला ‘प्रतीक्षेत’ असा पिवळा शिक्का बसला. पिवळा रंग फार सोयीचा असतो. लालवर जाब विचारतात, हिरव्यावर पुढचं काम देतात. पिवळ्यावर चहाला जाता येतं.

वाट बघण्यात आमच्याकडे एक ज्येष्ठ तज्ज्ञ होते. त्यांनी नोएडा एक्स्टेंशनमध्ये फ्लॅट बुक केला तेव्हा त्यांची मुलगी बालवाडीत होती. ती आता कॉलेजला आहे आणि फ्लॅटला अजून जिना नाही. हप्ते वेळेवर जातात. दर रविवारी ते सहकुटुंब जाऊन आपला तेरावा मजला जिथे येणार आहे तिकडे आकाशात बघून येत. सॉफ्टवेअरमधल्या आश्वासनांचा अर्थ त्यांच्याइतका कोणालाच कळत नसे. ‘रोडमॅपवर आहे’ असं कुठे वाचलं की ते म्हणत, हा माहितीपत्रकातला पोहण्याचा तलाव. ‘विचाराधीन’ म्हणजे मेट्रोचं नियोजित स्टेशन, सोसायटीपासून पाच मिनिटांवर. ‘तुमच्या योगदानाचं स्वागत आहे’ म्हणजे खरेदीदारांनी वर्गणी काढून लिफ्ट बसवून घ्यावी.

वाट बघता बघता शिक्षण मात्र बरंच झालं. पायथनमधून काफ्काशी बोलायला जी लायब्ररी आम्ही वापरत होतो, ती आतून सी भाषेतली निघाली. माग्नुस एडेनहिल यांनी लिहिलेली लिब-आरडी-काफ्का. कॉन्फ्लुएंटच्या पायथन, गो आणि डॉट नेट या तिन्ही क्लायंटांच्या खाली तीच आहे. पण तिला लिहिता येतं आणि वाचता येतं. खिडक्या लावून सरासऱ्या काढणं तिच्या कामात येत नाही. शिवाय जे येतं तेही जावाच्या मागून येतं. एक घटना एकदाच मोजली जाईल, दोनदा नाही, ही हमी काफ्काने जावावाल्यांना 2017 मध्ये दिली. लिब-आरडी-काफ्कामार्फत ती बाकीच्यांपर्यंत पोचायला 2020 उजाडलं. मधली तीन वर्षं पायथनची जनता ‘निदान एकदा’ या तत्त्वावर जगली. म्हणजे घटना सुटणार नाही, पण दोनदा मोजली जाऊ शकते. दिल्लीच्या हवेत धुराचा एखादा कण दोनदा मोजला गेला तर कोणाचं बिघडतं, हा भाग वेगळा.

आमच्या ऑफिसात एकच जावावाला होता, रोहतकचा. सहा फूट उंच, डब्यात चुरमा, आणि प्रत्येक तांत्रिक अडचणीवर एकच तोडगा: “भाई, जावा सीख ले.” एकदा मला शोध लागला, की काफ्का स्ट्रीम्स आपली सगळी आठवण रॉक्सडीबीत ठेवते आणि रॉक्सडीबी लिहिलेलं आहे सी++ मध्ये, फेसबुकात. म्हणजे ज्या जावाशिवाय आत घेत नव्हते, तिच्या पोटात परकी भाषाच होती! मी धावत त्याच्या टेबलाशी गेलो आणि पुराव्यानिशी दाखवलं. त्याने शांतपणे घास गिळला. “वो तो अंदर की बात है.”

मग कोणी म्हणालं फॉस्ट बघा. रॉबिनहूड नावाच्या अमेरिकन शेअर कंपनीने 2018 मध्ये काफ्का स्ट्रीम्सच्या कल्पना पायथनमध्ये आणून ही लायब्ररी सगळ्यांना वाटली. नावाला जागले म्हणायचं, श्रीमंत जावाकडून घेतलं आणि गरीब पायथनला दिलं. करणाऱ्यांत आस्क सोलेम होते, सेलरीचे कर्ते. पायथनवाल्यांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. आम्ही हरखलो. फॉस्टच्या कथेत तो सैतानाला आत्मा विकून सगळं मिळवतो, आणि मुदत संपली की सैतान वसुलीला येतो, याचा विचार नाव ठेवताना कोणी केला नसावा. दोनेक वर्षांत मूळ प्रकल्पाची वाढ थांबली. मग वापरणाऱ्यांनीच त्याचा फाटा काढून तो पुढे चालवायला घेतला. आमच्या मॅनेजरांनी विचारलं, “कंपनी कौन सी है पीछे?” कंपनी नाही, काही भली माणसं आहेत, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. कॉर्पोरेट गुडगाव-नोएडात भल्या माणसांशी करार करण्याचा नमुना उपलब्ध नाही.

गो भाषेवाल्यांनीही थांबणं सोडून दिलं होतं. त्यांच्यासाठी गोका नावाची लायब्ररी जर्मनीतल्या लोवू या डेटिंग ॲपवाल्यांनी लिहिली. प्रेमात पडणारे थांबत नाहीत. फ्लिंक या स्ट्रीम प्रोसेसिंगच्या यंत्रणेचाही विचार झाला. बर्लिनमध्ये जन्मलेलं, चिन्ह खारीचं, दिसायला गोड. त्याच्याशी पायथनमधून बोलता येतं. पण बसवायला गेलं की पहिली मागणी जावाची. तेव्हा आमचे ज्येष्ठ म्हणाले, की काफ्का झाला, फॉस्ट झाला, आता कोणी तरी गोदो काढेल, त्याची वाट बघू. मी शोधलं तर गोदो नावाचं सॉफ्टवेअर आधीच आहे, व्हिडिओ गेम करण्यासाठी, आणि ते वेळेवर आलेलं आहे.

याच दिवसांत, फेब्रुवारी 2025 मध्ये, दिल्लीत 98 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. 1954 नंतर दिल्लीला पहिल्यांदाच. जागा तालकटोरा, जिथे 1737 मध्ये बाजीरावाचा तळ पडला होता. बाजीरावाने कोणाच्या सपोर्टची वाट बघितली नव्हती. तो आला, दिल्लीची झोप उडवली आणि परत गेला. मी मात्र ब्लू लाइन धरून, राजीव चौकात धक्के खात, पुस्तकं बघायला गेलो. तिथे एक वयस्क गृहस्थ भेटले. पहाडगंजात जन्म, नूतन मराठी शाळेत शिक्षण, आणि सगळी नोकरी केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात. मराठी माणूस भेटला म्हणून खूश झाले.

“काय करता सध्या?”

मी दमलेलो होतो, तोंडातून खरं निघून गेलं. “भाषेला सपोर्ट मिळायची वाट बघतोय.”

“अहो, मिळाला की! 3 ऑक्टोबरलाच. पेढे वाटले आम्ही.”

“अभिजात दर्जा नाही हो. माझी भाषा दुसरी.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कोकणी?”

“पायथन.”

असं उत्तर ऐकून दुसरा कोणी चहाच्या रांगेकडे वळला असता. पण हे सरकारी नोकरीतले. त्यांना विषय कळायची गरज नव्हती, पद्धत कळत होती. “समिती नेमली आहे का?”

“नाही.”

“निकष ठरलेत? किती वर्षांचं साहित्य हवं, वगैरे?”

“नाही बुवा.”

“मग कसं होणार?” ते कळवळून म्हणाले. “मराठीची बघा, रंगनाथ पठारे समिती होती, निकष होते, अहवाल 2013 मध्ये गेला. एवढं सगळं नीट असून आदेश 2024 ला. तुमची तर फाइलच नाही.” मग खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “एक अर्ज देऊन ठेवा. पोच घ्या.”

मला सांगायला हरकत नाही, या विषयावर मला मिळालेला हा सर्वात समजूतदार सल्ला होता.

इकडे वाट बघताना आमचे सेन्सर काही थांबलेले नव्हते. म्हणून लायब्ररी येईपर्यंत चालवायला एक पायथनची फाइल केली होती. तिचं नाव ‘टेम्प’. पहिल्यांदा तिला फक्त बेरीज येत होती. मग खिडकी सरकवायला शिकवली. मग मशीन बंद पडून चालू झालं की कुठवर मोजलं होतं ते आठवायला शिकवलं. मग दोन मशीन एकच सेन्सर मोजू लागली, तेव्हा आपसात वाटणी करून घ्यायला शिकवलं. काफ्का स्ट्रीम्सला जे जे येतं ते ते थोडं थोडं, वाईट पद्धतीने, त्या फाइलला येऊ लागलं. तरी तक्त्यावर ते काम पिवळंच. नव्या मुलांना सांगत असू, ही फाइल नीट वाचायच्या भानगडीत पडू नका, ती तात्पुरती आहे.

एक गोष्ट तिला नीट कधीच आली नाही. उशिरा आलेल्या आकड्याचं काय करायचं? घटना घडली कधी आणि आपल्याला कळली कधी, या दोन वेळा वेगळ्या असतात. स्ट्रीम प्रोसेसिंगची निम्मी विद्या हा फरक सांभाळण्यातच खर्च होते. खिडकी मिटल्यावर उशिरा येणाऱ्यासाठी किती वेळ दार उघडं ठेवायचं? काफ्का स्ट्रीम्सने पूर्वी ही सवलत न मागताच 24 तासांची दिली होती. मग 2021 मध्ये 3.0 आवृत्तीपासून सांगितलं, की किती थांबायचं ते तुमचं तुम्ही स्पष्ट ठरवा. दिल्लीत जिथे सात वाजताच्या लग्नाला साडेदहाला वरात निघते, तिथे हा प्रश्न किती गहन आहे, हे करणाऱ्यांना बहुधा माहीत नसावं.

तळघरातल्या पार्किंगमध्ये आमचे काही सेन्सर आहेत. तिथे नेटवर्क जातं. ते बिचारे आकडे पोटात साठवतात आणि नेटवर्क आलं की सगळे एकदम ओकतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हेच झालं. रात्री सगळ्या नोएडाने फटाके उडवले तेव्हा पडद्यावर आकडा मध्यम, वातावरण प्रसन्न. रहिवासी एकमेकांना पडदा दाखवत होते, की बघा, लोक उगाच बोंब मारतात. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, ऊन पडलं, मुलं क्रिकेट खेळायला उतरली, आणि तळघराला नेटवर्क मिळालं. ‘टेम्प’ने मध्यरात्रीचा सगळा धूर दुपारच्या हिशेबात घातला. पडदा लाल झाला, 500. सोसायटीच्या ग्रुपवर हाहाकार उडाला. आया मुलांना ओढत वर घेऊन गेल्या. सेक्रेटरीने कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याला तंदूर विझवायला लावला. चार वाजता सरकारी पत्रक आलं, त्यात आकडा वेगळा, आणि मग सोसायटीत दोन पक्ष पडले: सरकार लपवतंय म्हणणारा आणि आमची कंपनी चोर आहे म्हणणारा. दुसरा पक्ष आमच्या ऑफिसात आला.

त्या संध्याकाळी रोहतकवाल्याने बाह्या सरसावल्या. माझ्या टेबलाशी बसून, मधूनमधून माझ्याकडे दयेने बघत, त्याने सगळं जावात लिहून काढलं. खिडकी, सरासरी, उशिरा येणाऱ्यांसाठी सवलत. ‘टेम्प’च्या शेकडो ओळींच्या जागी एका पडद्यावर मावेल एवढा मजकूर. रात्रीचा धूर रात्रीच्या खात्यात गेला. मॅनेजरांनी पिवळा शिक्का काढून हिरवा लावला आणि सगळ्यांना छोले-कुलचे खिलवले. ज्येष्ठ तज्ज्ञ तेवढे उदास दिसत होते. वाट बघणाऱ्यांच्या संघातून एक माणूस कमी झाला होता.

थोड्याच दिवसांत रोहतकवाल्याला बंगळुरूहून बोलावणं आलं. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त, आणि एक्यूआय बराच कमी. त्याचे नोटिशीचे दिवस छोट्या छोट्या पार्ट्यांत गेले. जाताना त्याने कामाचा रीतसर ताबा दिला, म्हणजे एक फाइल ठेवली, आणि तिच्यात एकच ओळ: “चल रहा है, छेड़ना मत.”

आता आमच्या ऑफिसात जावा कोणाला येत नाही. तो प्रोग्रॅम चालू आहे. तो ज्या मशीनवर आहे त्याच्या नावापुढे कोणी तरी ‘हात लावू नये’ असं लिहून ठेवलं आहे. मध्यंतरी एका सोसायटीने आठ तासांची सरासरी दाखवा म्हणून मागणी केली. प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलायचा होता. मॅनेजर म्हणाले, विचाराधीन आहे असं कळवा. तक्त्यावर पुन्हा एक पिवळा शिक्का बसला, आणि ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर रंग आला. काही जणांनी ‘टेम्प’ पुन्हा काढून झटकायला घेतली आहे.

शेवटी एचआरने जाहिरात दिली. कंपनीचं नाव न घालता, एजन्सीमार्फत: नोएडा सेक्टर 62 मधल्या हवेसंबंधी काम करणाऱ्या कंपनीत जावा आणि काफ्का स्ट्रीम्स येणारा पाहिजे, तातडीने. ती जाहिरात कुठून कुठून फिरत परवा बाबांच्या व्हॉट्सॲपवर पोचली. त्यांनी ती मला पुढे पाठवली, खाली लिहून: “तुझ्या जवळपासच जागा निघाली आहे. पगार बरा दिसतो. तुला ही भाषा येते का? नसेल तर शिकून घे, किती दिवस वाट बघणार.”